तुमच्या भिडूचा हेवा

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात माणूस मावत नव्हतं. कचेरीतले आले, गल्लीतले आले, धामणगाव बढ्याहून अख्खी एक बैलगाडी भरून आली. जो येई तो आधी नामदेवरावांपाशी जाई, त्यांच्या खांद्यावर हात ठेवी आणि म्हणे, "जोडी फुटली हो भाऊ!" मग माझ्याकडे वळून म्हणे, "बाई, धीर धरा." मी तुमच्या उशाशी बसले होते. जोडी फुटली ती माझी. पण हे सांगणार कुणाला, आणि तशा वेळी सांगायचं तरी कसं?

नामदेवराव ओसरीवर भिंतीला टेकून मोठ्याने रडत होते. मला रडू येत होतं, पण त्यांचं रडणं ऐकून माझं आतल्या आत थांबलं. मनात आलं, हा माणूस इथेही माझ्या पुढे! हे वाचून तुम्ही हसाल. हसा. तुम्ही जिवंत असताना हा विषय काढला की "तुले काहीतरीच सुचते" म्हणून उठून जात होता. आता उठून जायची सोय नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

लग्न होऊन मी मलकापूरला आले तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं होतं, "पोरगा गुनी हाये, फक्त बोलत नाई." मला वाटलं, नव्या नवरीला घाबरवू नये म्हणून असं सांगत असतील. पण तुम्ही खरोखरच बोलत नव्हता. भाजी कोणती करू? काहीही. पगार झाला का? झाला. आज डोकं दुखतंय का? नाही. मी मुलींच्या शाळेत दिवसभर बोलून घसा बसवून घरी यायची आणि तुमच्याकडून चार शब्द निघावेत म्हणून पुन्हा बोलत राहायची. तुम्ही ताकाला तूर लागू देत नव्हता.

आणि मग रविवारी नामदेवराव यायचे. ते धामणगाव बढ्याचे शेतकरी, तुम्ही कचेरीतले कारकून. दोघांचं नातं काय, तर मेंढीकोट. चौघं खेळायला बसतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, आणि पत्त्यातल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्यांनी जास्त मेंढ्या ओढल्या ते जिंकले. एवढासा खेळ. पण ओसरीवर सतरंजी पडली की तुम्हाला कंठ फुटायचा. नामदेवरावांकडून एखादा हात चुकला की तुम्ही ओरडायचा, "काऊन बे, डोळे गहाण टाकून आला काय?" आणि ते उलटे ओरडायचे, "तूच त किलवर उतरला बे! मले काय सपन पडते काय?" मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. इतक्या वर्षांत मला कधी "डोळे गहाण टाकले काय" असं म्हणाला नाहीत. एकदा वरण करपलं, एकदा तुमचा नवा सदरा मी निळीत बुडवून ठेवला आणि विसरले, तरी तुम्ही म्हणालात, "असू दे." बाकीच्या बायका नवरे शिव्या देतात म्हणून रडतात. मला तुम्ही कधी एक शिवी दिली नाहीत म्हणून मी जळत होते.

शाळेतल्या बाई मला चिडवायच्या, "तुमची सवत आली काय हो आज?" कारण रविवारी मी कुठेच जात नसे. हो, सवतच. फक्त ही सवत धोतर नेसायची आणि मिशांना पीळ द्यायची.

चैत्रात धामणगावला सामने असायचे. शेतं मोकळी झालेली, माणसं रिकामी. नवं राज्य झालं त्या साली आपल्या ओसरीवर तुम्हाला कुणीतरी विचारलं होतं, "काय वाटते साहेब, महाराष्ट्र झाला?" आणि तुम्ही म्हणालात, "डाव नवा, पत्ते तेच." हे तुमचं वाक्य मी शाळेत दहा जणींना सांगितलं. असं एखादं वाक्य तुमच्याकडून मिळालं की मला सणासारखं वाटायचं. पण तेही तुम्ही नामदेवरावांच्या पुढ्यात बोलला होता, मी पाणी द्यायला आले होते म्हणून मला ऐकू आलं.

त्या सामन्यांवरून आपलं भांडण दरवर्षी ठरलेलं. मला रामनवमीला शेगावला जायचं असायचं. सामने नेमके तेव्हाच. "पुढल्या साली नक्की," तुम्ही म्हणायचा. पुढल्या साली पुन्हा पुढल्या साली. मी एकदा म्हटलं, "देवाला सोडता पण पत्त्यांना सोडत नाही." तुम्ही म्हणालात, "देव वाट पाहते. नामदेव नाई पाहत." मग मी रागाने म्हटलं, "आणि मी? मी पाहते ना वाट, म्हणून चालतंय सगळं." यावर तुम्ही काय उत्तर दिलंत? टोपी घातली आणि एस्टी गाठायला निघालात. ते भांडण तसंच राहिलं. ते पुरं करायचं मी म्हातारपणावर टाकलं होतं.

एका साली मात्र मीच हट्ट करून तुमच्याबरोबर धामणगावला आले. म्हटलं, बघू तरी काय आहे एवढं त्या सामन्यात. खरं कारण तुम्हाला ठाऊक नव्हतं. माझी खात्री होती की तुम्ही दोघं खुणा करता. कान खाजवला की इस्पिक, खाकरलं की बदाम, असं काहीतरी. नाहीतर इतकं बरोबर कसं जमतं? घरी मी दाराआडून कितीदा पाहिलं होतं, मला खूण सापडत नव्हती. पण असणार, हे मी धरून चालले होते. खूण असली की ती शिकता येते.

अंतिम सामना गावातल्या कापसाच्या गोदामात होता. कापूस उचलून नेलेला, पण सरकीचा वास तसाच. समोर वरवट बकालची जोडी. त्यातला गंगाधर, उंच, पान खाणारा, बसायच्या आधीच उभा राहून म्हणाला, "हे दोघं खुना करतात. साऱ्या जिल्ह्याले मालूम हाये. असं आमी नाई खेळत." मला इतका आनंद झाला! वाटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं.

गावच्या पाटलांनी वाद वाढवला नाही. त्यांच्याकडे जुनी रीत होती. आढ्याला आडवा दोर बांधला, त्यावर धुतलेलं धोतर टाकलं आणि ते तुम्हा दोघांच्या तोंडांच्या मधे येईल असं सोडलं. खालून फक्त हात आणि पत्ते दिसायचे. भिडूला भिडूचं तोंड दिसायचं नाही. लोक त्याला आंतरपाटच म्हणायचे. धोतर वर गेलं आणि गोदामात कुणीतरी "शुभमंगल सावधान" म्हणून सुरू केलं, सगळे हसले, बायकांच्या बाजूने एकीने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "वैनी, तुमच्या मालकाचं लगन लागून राह्यलं!" मीही हसले. हसताना माझे कान तापले होते.

डाव शेवटाला आला. आधीच्या डावांत दोन्हीकडे बरोबरी, या डावात तुमच्या दोन मेंढ्या, त्यांची एक. उरलेली मेंढी कुणाकडे आहे ते कळत नव्हतं. तुम्ही पान उतरलं. काय उतरलं, तर चौकटची तिर्री. एवढं भिकार पान. नामदेवरावांनी चौकटच्या राणीने तो हात घेतला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत इस्पिकचा एक्का खाली ठेवला. धोतराखालून तुमचा हात आला आणि त्या एक्क्यावर तुम्ही अलगद इस्पिकची मेंढी सोडलीत. गोदामात असा ओरडा झाला की छपरावरची कबुतरं उडाली. गंगाधर पान थुंकायला बाहेर गेला.

परत येताना एस्टीत मी तुम्हाला विचारलं, "त्यांना कसं कळलं मेंढी तुमच्याकडे आहे?"

"तिर्री टाकली ना."

"तिर्रीत काय कळतं?"

"कळते."

संपलं. त्या दिवसापासून मला खरा हेवा वाटू लागला. खुणा करत असतात तर मला बरं वाटलं असतं. खूण मी पाठ केली असती, मुलींना पाढे शिकवते तशी स्वतःला शिकवली असती. पण खूण नव्हतीच. मधे पडदा असूनही त्यांना तुमच्या मनातलं दिसत होतं आणि मी एका पांघरुणात निजून मला दिसत नव्हतं. हे कुणाला सांगावं? माहेरी सांगितलं तर म्हणाले असते, नवरा पत्ते खेळतो, दारू तर पीत नाही ना?

मग तो एक रविवार आला. नामदेवरावांना ताप भरला होता, त्यांचा निरोप आला. शेजारचे दोघं येऊन बसले होते, तुम्ही सतरंजीवर पत्ते पिसत नुसते बसला होता. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मी बसते." तुम्ही वर पाहिलंत. "तुले येते?" मी म्हटलं, "इतकी वर्षं दाराआडून काय झोपा काढल्या का?"

मी समोर बसले. तुमच्या समोर. अशी समोरासमोर आपण फक्त जेवताना बसायचो, आणि तेव्हाही तुम्ही ताटात पाहायचा. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा पुन्हा, पान उतरण्याआधी. माझा जीव हरखून गेला. पहिले दोन डाव बरे गेले. तिसऱ्यात किलवर हुकूम होता. तुम्ही बदामचा राजा उतरला. माझ्याकडे बदाम नव्हता. मी मोठ्या तोऱ्यात किलवरची छक्की मारली. शेजारी हसायला लागले. बदामचा एक्का आधीच जाऊन बसला होता, राजाच सगळ्यांत मोठा होता, हात तुमचाच होता, आणि मी माझ्याच भिडूच्या हातावर हुकूम मारला होता. पुढे शेवटची मेंढी आली तेव्हा माझ्याकडे हुकूम उरला नव्हता.

चूक कशी झाली ते मला नंतर कळलं. दाराआडून मी कायम तुमच्या पाठीमागे उभी असायची. मला तुमचे पत्ते दिसायचे, बाकी काही नाही. खाली काय पडलं, कुणाचा एक्का गेला, कुणाकडे काय उरलं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी खेळ शिकलेच नव्हते, मी तुमचे पत्ते पाठ केले होते. समोर बसल्यावर ते दिसायचे बंद झाले आणि मी आंधळी झाले.

मी वाट पाहत होते. म्हटलं, आता तरी ओरडा. "काऊन वं, डोळे गहाण टाकले काय?" असं म्हणा. शेजाऱ्यांपुढे म्हणा, मला चालेल. तुम्ही पत्ते गोळा केलेत, सारखे केलेत आणि म्हणालात, "असू दे. होते असं." मग शेजाऱ्यांना म्हणालात, "चहा घ्या." त्यानंतर मला कधी समोर बसवलं नाहीत. मीही म्हटलं नाही. रात्री अंथरुणावर मी भिंतीकडे तोंड करून रडले, तुम्ही उठून कंदील बारीक केलात आणि पुन्हा झोपलात.

सगळंच काही असं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी आयुष्यभर नुसती जळलेच. माझी आई गेली तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. तुम्ही कचेरीतून रजा काढून घरी राहिलात. सूप भरून भुईमुगाच्या शेंगा घेऊन माझ्या शेजारी बसलात आणि शेंगा सोलत राहिलात. दाणे माझ्या बाजूला, टरफलं तुमच्या बाजूला. अख्खी दुपार. मी एक दाणा तोंडात टाकला, मग दुसरा. तुम्ही वर पाहिलं नाहीत. त्या वेळी मी मनात म्हटलं, आई मेली आहे माझी, आणि या माणसाला दोन शब्द सुचत नाहीत! आता वाटतं, ती तुमची उतारी होती की काय? मला ती वाचता आली नाही की तीत वाचण्यासारखं काही नव्हतंच? नामदेवरावांना कळलं असतं. बघा, इथेही तेच येऊन बसतात.

परीक्षेच्या दिवसांत तुम्ही पहाटे उठून पाणी भरून ठेवायचा, माझ्या वहाणेचा अंगठा शिवून आणायचा, मला न सांगता. मी कधी तुम्हाला "बरं केलंत" म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. मी ते दाणे खाल्ले आणि जगले, हेही सांगायला हवं होतं. तुमच्या न बोलण्याचा मला राग होता, पण या बाबतीत मी तरी कुठे बोलले?

फाल्गुनात तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत तुम्ही माझा हात धरून होता. मी विचारलं, "काय होतंय? सांगा ना, काय होतंय?" तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. खूप वेळ. त्या पाहण्यात काहीतरी होतं. मी ते अजून उलगडते आहे. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच थांबते, मुली एकमेकींकडे बघतात.

तेरवी झाली, त्यासाठी आलेली आपली मुलगी सासरी परत गेली, आणि चैत्र लागला. परवा संध्याकाळी नामदेवराव आले. ओसरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चहा ठेवला. तो तसाच निवत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी देतील मला. तुम्ही त्यांना माझ्याबद्दल कधी काही बोलला असाल, तेच सांगायला आले असतील. खोटं कशाला बोलू, मी कित्येक वर्षं त्याच एका वाक्याची वाट पाहत होते. शेवटी मीच विचारलं, "भाऊजी, हे माझ्याबद्दल काही बोलायचे का हो तुमच्याजवळ?"

ते गोंधळले. "तुमच्याबद्दल? नाई बाप्पा. आमी पत्त्याबिगर कधी काई बोललोच नाई." मग मांडीवरची टोपी फिरवत म्हणाले, "त्याले काय आवडे खायले, हे बी मले मालूम नाई. तुमी वाढसान ते आमी खाऊ."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं ज्याच्या खजिन्याचा हेवा केला त्याच्याकडे खजिना नव्हता. फक्त तिर्री होती. पण ती तिर्री तरी होतीच ना.

मग ते म्हणाले, "वैनी, एक इचारायचं हाये. औंदाच्या सामन्याले वरवटचा गंगाधर म्हंते, माह्यासंगं बस. त्याचा भिडू बी आता थकला. गावातले म्हंतात, खेळ बंद नको करू. तुमी हो म्हनसान त बसतो. नाई म्हनसान त नाई."

"मला कशाला विचारता?"

"मंग कोनाले इचारू?" ते म्हणाले.

अहो, हे मात्र मला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुमच्याबद्दलचा सवाल माझ्यापुढे आणून ठेवला, माझं तुमच्यावर काही चालतं असं धरून. आणि ते कुणी, तर त्यांनी. माझ्या तोंडावर आलं होतं, बसा हो, खुशाल बसा, मेलेल्यासाठी का कुणी खेळ मोडतं? शाळेतल्या बाईला शोभेल असं काहीतरी. पण तुमच्या मागे कपाळ मोकळं झालं ते माझं. मला कुणी म्हणायला येणार नाही की, बाई, दुसरा बघा. आणि यांनी महिना उलटला नाही तोच गंगाधरसमोर सतरंजीवर बसावं? ज्याने तुम्हाला लबाड म्हटलं, त्याच्यासमोर?

"नाही," मी म्हटलं. "बसू नका."

त्यांनी मान हलवली. "बरं." निवलेला चहा एका घोटात प्यायले, टोपी घातली आणि निघाले. त्यांना वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. दारात मी म्हटलं, "रविवारी येत जा." ते म्हणाले, "येईन."

तुमच्या आठवणीखातर मी त्यांना अडवलं, असं गावात आता सगळे म्हणताहेत. कौतुक चाललं आहे माझं. पण तुम्हाला तरी खरं सांगते. तुमच्या समोर बसायची जागा मी आयुष्यभर मागत होते. ती मला मिळाली नाही. मग यांच्या समोरची तुमची जागा मी गंगाधरला कशी देऊ?